लान्स नाईक कोळेकरचा निष्काळजीपणा

माझी पोस्टिंग साताऱ्याला झाली ती पायामुळे. लढाईत डाव्या पोटरीत छर्रे घुसले. जखम भरली, पण मेडिकल बोर्डाने मला डोंगरावरच्या ड्युटीला नालायक ठरवलं. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, रँक क्राफ्ट्समन म्हणजे साध्या शिपायाइतकी, गाव आष्टा. साताऱ्याला आमची एक लहानशी डिटॅचमेंट होती. तिचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की वाद नावावर होतो आणि मुद्दा बाजूला पडतो, हे फौज सोडल्यावर सभांमधून शिकलो. मुद्दा एकच आहे. लान्स नाईक भिवा कोळेकर स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला, असं सरकारी कागदावर आहे. ते खोटं आहे. मी तिथे होतो.

आमचं रोजचं काम रटाळ होतं. सकाळी फॉलिनची हजेरी, मग गाड्यांची तपासणी, मग स्टोअरची ने-आण. त्यातच एक काम असं होतं की ज्याची ऑर्डर आली की सगळे खाली बघायचे. सीमेवर जवान गेला की त्याच्या अस्थी आणि त्याची ट्रंक रेल्वेने साताऱ्याला यायची. तिथून घरापर्यंत आम्ही पोचवायचं. सातारा-सांगलीत घरटी एक पोरगा फौजेत, तेव्हा हे काम कधी थांबलं नाही. लढाई संपली तरी थांबलं नाही. बर्फ आहे, सुरुंग आहे, दरड आहे. मरायला लढाईच लागते असं कुणी सांगितलं?

या कामाला एक जुनी एक टनी पिकअप होती. ड्रायव्हर भिवा कोळेकर. जत तालुक्यातला, धनगराचा. आजा-पणजा मेंढरांमागे फिरले, हा स्टिअरिंगमागे. मला म्हणायचा, "तुमी नदीकाठची माणसं, पाणी प्याला की बोलत सुटता. आमचं तोंड वाळल्यालं, म्हणून आमी गप."

"गप? तू?" मी म्हणायचो. "तुझ्या बडबडीनं इंजिन तापतंय."

"मग ऑइल बदल की, मिस्त्री. आमचं नगं, इंजिनाचं."

त्या आठवड्यात पिकअपमधून आवाज यायला लागला. क्लच सोडला की खालून 'टण्ण' असा ठोका, आणि हळू चाललं की मोटेच्या कोरड्या चाकासारखी कुरकुर. यार्डात प्रत्येकाने आपलं मत दिलं. कुणी म्हणे गिअरबॉक्स, कुणी म्हणे मागचा एक्सल, कुणी म्हणे सायलेन्सर लोंबतोय. मतावर गाडी दुरुस्त होत नाही. मी भिवाला रस्त्यावर न्यायला लावली आणि स्वतः मागे हौद्यात पालथा पडून फळीला कान लावला. चालत्या गाडीत क्लच दाबायला सांगितलं. कुरकुर थांबली नाही. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. न्यूट्रल करायला सांगितलं. तरी चालूच. वेग वाढला की वाढायची, कमी झाला की कमी. म्हणजे चाकाबरोबर जे फिरतं त्यातच दोष.

यार्डात आणून मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि खाली शिरलो. गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जो लांब लोखंडी दांडा जातो तो प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाची ताकद तोच चाकांना देतो. त्याच्या दोन्ही टोकांना सांध्यासारखे क्रॉस असतात. पुढच्या क्रॉसभोवती मिरचीपूड सांडावी तशी लाल भुकटी होती. ग्रीस कधीच संपलेलं, आतल्या बारीक सुया गंजून पीठ झालेल्या. शाफ्ट हाताने हलवला तर खडखडला.

मी डिटॅचमेंट सांभाळणाऱ्या सुभेदार साहेबांना रिपोर्ट दिला. "साहेब, गाडी ऑफ रोड करा. पुढचा क्रॉस गेलाय."

फौजेत गाडी ऑफ रोड झाली की तिला जनरलसुद्धा हलवू शकत नाही. निदान पुस्तकात तसं छापलंय.

"नवा क्रॉस?"

"पुण्याहून मागवायला लागेल."

"परवा शिराळ्याच्या पलीकडं अस्थी न्यायच्यात. मोठे साहेब येणार, पुढारी येणार. कार्यक्रम ठरलाय."

"जीपमधून न्या साहेब."

"जीप मोठ्या साहेबांना." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नुसता आवाजच येतोय ना? आवाज बंद कर. शहिदाच्या गाडीतून असली कुरकुर शोभत नाही."

हे वाक्य मी अनेक सभांमध्ये सांगितलंय, आणि दर वेळी लोक आधी हसतात. हसू नका. दोष राहू दे, आवाज बंद कर. देश या वाक्यावर चाललाय.

मी नकार दिला. मग त्यांनी स्टँडजवळचा एक फिटर आणला. त्याने क्रॉसच्या टोप्यांत जाड चपलेच्या चामड्याच्या चकत्या कापून ठोकल्या आणि वर ग्रीस चोपडलं. बैलगाडीला चालेल असा इलाज. यार्डात फेरी मारली. गाडी मांजरासारखी चालली. साहेब खूश.

भिवाने मला बाजूला घेतलं. "किती चालंल ही?"

"सपाटीला चालेल. चढाला ताण पडला की चामडं जळेल. भिवा, शाफ्ट तुटला तर या गाडीत काय होतं ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय. हँडब्रेक बी त्याच दांड्यावर हाय."

वाचकांनी हे नीट समजून घ्यावं. या जुन्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट सुटला की उतारावर गिअरचा आधार जातो आणि हँडब्रेकही जातो. उरतो पायाचा ब्रेक. त्याचा पाइप शाफ्टच्या अगदी शेजारून जातो.

"मग न्हेऊ नको," मी म्हणालो.

"मी न्हाई न्हेली तर दुसऱ्याला बसवत्याल. त्याला तर आवाज बी ठाव न्हाई."

आम्ही निघालो. शिपाई हणमंतच्या अस्थी तांब्याच्या कलशात, भिवाशेजारी. मी मागे, ट्रंकेजवळ. पिकअपला झेंडूच्या माळा. कराड, पेठ नाका, सगळं ठीक. शिराळ्यात हणमंतचे वडील बाळूतात्या पुढे बसले आणि त्यांनी कलश मांडीवर घेतला. तिथेच गावची माणसं हौद्यात चढली. चढू नका कोण म्हणणार? त्यांचा पोरगा होता. मी तसं म्हणून बघितलं. एकाने माझ्याकडे असं बघितलं की मीच सरकून जागा दिली.

त्यांचं गाव खिंडीच्या पलीकडे, खाली. चढाला लागलो आणि अर्ध्यात वास आला. जळक्या चामड्याचा. मग ठोके सुरू झाले. मी केबिनच्या टपावर हात मारला. भिवाने खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवून चाकांना दगड लावले. मी खाली शिरलो. क्रॉस हाताला चटका देत होता, एक टोपी निम्मी बाहेर आलेली.

पुढे गेलेली जीप मोठ्या साहेबांना गावात सोडून परत आली. सुभेदार साहेब उतरले.

"काय झालं?"

"साहेब, इथून चालत जाऊ. गाडी नको."

खाली गाव दिसत होतं. हलगी वाजत होती. माणसं आम्हाला घ्यायला रस्त्याने वर यायला लागली होती.

"गाडी खाली गेली पाहिजे. फुलं लावलेली गाडी सोडून चालत? मोठे साहेब खाली उभे आहेत. कोळेकर, चल."

भिवाने उतार नजरेने मोजला आणि म्हणाला, "साब, गाडी नेतो. पन रिकामी नेतो. मानसं उतरणार आन कलश बी उतरणार."

साहेब जीपकडे वळले. भिवाने ते हो समजलं. हौद्यातली माणसं उतरवली, ट्रंक तेवढी राहिली. बाळूतात्या मात्र हलेनात.

"माझं पोरगं हाय. मी बसतो."

"तात्या, आवं उतरा. कडंवर घ्या त्याला. हितनं पुढं गाव तुमचंच हाय."

तात्या उतरले. मी पुढे बसायला गेलो तर भिवाने दार धरलं.

"तू उतर."

"क्रॉसचा आवाज मला कळतो."

"तुझा पाय बघ. उडी मारायची पाळी आली तर मारशील व्हय? मी लान्स नाईक, तू क्राफ्ट्समन. आर्डर हाय."

तो सेकंड गिअरमध्ये निघाला. पहिलं वळण नीट घेतलं. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे खालून तोफेसारखा आवाज झाला आणि शाफ्टचं पुढचं टोक जमिनीवर आपटलं. ठिणग्या दिसल्या. शाफ्ट गरगरत गाडीच्या पोटावर आपटत होता. ब्रेकचा पाइप त्यातच गेला. गाडी सुटली. हॉर्न सुरू झाला आणि थांबला नाही.

वळणाच्या खाली हलगीवाले होते, बायका होत्या, आरत्या घेतलेल्या. हॉर्न ऐकून ते आणखी पुढे सरकले. त्यांना वाटलं, हणमंत आला. भिवाच्या डावीकडे दरी होती. समोर माणसं. उजवीकडे कातळ. त्याने उजवीकडे घेतली.

मी लंगडत पोचलो तेव्हा हॉर्न वाजतच होता. वायर उपटली. ट्रंक फुटून हणमंतचे कपडे रस्त्यावर पसरले होते. गिअर लिव्हरवर मी स्वतः हात ठेवून बघितलं. सेकंडमध्ये होती. भिवा गेला होता.

त्या दिवशी कार्यक्रम झाला. हणमंतला बंदुकांची सलामी झाली, पुढाऱ्यांचं भाषण झालं. भिवा शाळेच्या पडवीत कांबळ्याखाली होता. त्याच्याजवळ मी होतो आणि गावचा एक म्हातारा, त्याच्या तोंडावरच्या माश्या वारत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. निष्कर्ष: ड्रायव्हरने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, ताबा सुटला, निष्काळजीपणा. मी सेकंड गिअरचं सांगितलं. "धक्क्याने पडला असेल," म्हणाले. मी तुटल्या शाफ्टजवळ सापडलेली जळक्या चामड्याची चकती टेबलावर ठेवली.

एक अधिकारी म्हणाला, "हे बुटाचं आहे."

"साहेब, भिवाचे बूट पायात होते. दोन्ही अखंड."

"यू मे गो."

माझी मुदत संपली तेव्हा मी सही करून बाहेर पडलो. वाढवून मागितली नाही. भिवाच्या बायकोला जी पेन्शन मिळायला हवी ती मिळत नाही, कारण निष्काळजी माणूस ड्युटीवर मेला असं धरत नाहीत. मी अर्ज लिहिले, पत्रकं छापली, साताऱ्यात ऑफिससमोर बसलो. एका बाबूने मला विचारलं, "तो तुमचा नातेवाईक का?" त्याच्याशी मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

मागच्या महिन्यात खिंड उतरून बाळूतात्यांच्या घरी गेलो. सरकारने हणमंतच्या नावाचा दगड पाठवला होता, चावडीसमोर उभा करायला. तो गोठ्याच्या भिंतीला आडवा पडलेला. त्यावर शेळी बसलेली.

"तात्या, हा उभा का नाही केला?"

"साहेब लोक आलं हुतं उभा करायला. मी म्हनलं, निम्मा मोकळा हाय त्यो. खाली दुसरं नाव घाला, मग उभा करा. त्ये म्हनलं, न्हाई घालता येत, त्याची केस येगळी हाय. मग मी म्हनलं, न्हाई तर न्हाई. ऱ्हाऊ द्या आडवाच."

"पण हणमंतचं नाव..."

"हणमंताला घाई न्हाई रं."

दगड अजून आडवाच आहे. तो उभा राहील तेव्हा खाली काय कोरायचं ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला विचारायला लागणार नाही. लान्स नाईक भिवा कोळेकर, ड्रायव्हर, तालुका जत. गाडी गिअरमध्ये होती.