बेल्टच्या टोकाचा चिखल

गेल्या रविवारी पोलादपूरला गाडी बघायला गेलो होतो. नवी नाही... दहा-अकरा वर्षं वापरलेली, मधल्या आकाराची एसयूव्ही. ठाण्याला असणाऱ्या माझ्या चुलतभावाची, सुनीलदादाची.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आठवड्यातून दोनदा महाडला डायलिसिस असतं. आमच्या गावाहून, कापड्याहून, रिक्षाने न्यायचं, रिक्षाने आणायचं. येताना त्यांच्या अंगात त्राण नसतं, त्यात खड्डे... पावसात तर आमच्या वाडीचा चढ बघूनच रिक्षावाले नको म्हणतात. म्हणून जुनी का होईना, पण उंच आणि दमदार गाडी हवी होती.

महाडच्या पुरानंतर आमच्याकडे जुनी गाडी म्हटलं की पहिला प्रश्न एकच, पुरातली आहे का? इंजिन, टायर, सगळं नंतर. आणि त्यावर आम्हीच शोधलेला सोपा उपाय म्हणजे नंबरप्लेट. एमएच झिरो सिक्स, म्हणजे आपल्या रायगडची असेल तर संशय घ्यायचा, मुंबई-ठाण्याची असेल तर डोळे मिटून घ्यायची. जणू मुंबईची गाडी महाडला कधी येतच नाही!

दादाची गाडी ठाणे पासिंगची, वर भावाची. भावाची गाडी बघायला मेकॅनिक न्यायचा म्हणजे अख्ख्या भावकीत नाव निघणार, म्हणून कुणाला नेलं नाही. आप्पांना मात्र नेलं... त्यांना चढता-उतरता येतंय का ते बघायचं होतं.

चढले. पुढच्या सीटवर बसून त्यांनी पाय लांब केले आणि किती दिवसांनी हसले. कशेडी घाटापर्यंत एक चक्कर मारून येऊ असं ठरलं. खरं सांगतो, मनातल्या मनात मी तेव्हाच गाडी घेऊन टाकली होती.

आप्पांना लावायला म्हणून बेल्ट खेचला. तो मध्येच अडकला. जोर लावून सगळा बाहेर ओढला... आणि शेवटच्या वीतभर पट्टीवर वाळलेला, कडक झालेला चिखल.

हा चिखल मला माहीत आहे. पुरात माझी स्वतःची छोटी गाडी महाडला, माझ्या भाड्याच्या खोलीखाली बुडाली होती. दासगावच्या मेकॅनिक सलीमभाईंनी ती खोलून धुतली, तेव्हा त्यांनीच दाखवलं होतं. सीट बदलता येतात, वास घालवता येतो, पण बेल्टचं आत गुंडाळलेलं टोक कुणी धूत नाही.

दादाला विचारलं, पुराच्या वेळी गाडी कुठे होती? आधी म्हणाला ठाण्याला. मग म्हणाला, महाडला सासुरवाडीला होती, पण पाणी चाकापर्यंतच आलं. माझं डोकंच फिरलं... चाकापर्यंतचं पाणी बेल्टात कसं गेलं? आजारी काकाला या गाडीत बसवणार होतास? घाटात बंद पडली असती तर? तोंडाला येईल ते बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "तू तुझी इकलीस, तवा त्या मास्तरांना सांगितलंस काय रे?"

नव्हतं सांगितलं.

घाटावरचे एक शिक्षक बायको आणि मुलीला घेऊन आले होते. गिऱ्हाईक दादानेच आणलेलं. विकताना सांगून टाक, असं सलीमभाई दोनदा म्हणाले होते. मी हो म्हटलं आणि गप्प बसलो... आप्पांनाही मी खरं सांगितलं नव्हतं. पाणी गाडीपर्यंत पोचलंच नाही, असं त्यांना घरी येऊन ठोकून दिलं होतं.

मास्तर घुटमळत होते, तेव्हा आप्पाच पुढे झाले. म्हणाले, "आमच्या घरची गाडी हाय. काय काळजी करू नका." गाडीपुढे नारळ फोडला, डिकीत आमच्या शेतातल्या तांदळाची पिशवी ठेवली. मास्तरांनी गाडी नेली ती त्या शब्दावर. माझ्या शब्दावर नव्हे.

आणि त्या रविवारी आप्पा दादाच्या गाडीत, पुढच्या सीटवर बसून हे सगळं ऐकत होते. काच खाली होती.

त्यांनी बेल्ट हातातून सोडला आणि उतरायला लागले. मी हात पुढे केला... त्यांनी दरवाजा धरला.

 मंगळवारी आप्पा डायलिसिसहून आले, जरा पडले आणि म्हणाले, त्या मास्तरांचा नंबर लाव. नंबर अजून माझ्या फोनमध्ये होता. लावून दिला. ते फोन घेऊन ओटीवर गेले, मी आतच थांबलो. जायची हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळाने आले. गाडी दुसऱ्याच पावसात बंद पडली, मास्तरांनी भंगारात दिली, असं सांगितलं. त्यांनी आपलंच नशीब म्हणून सोडून दिलं होतं. मी विचारलं, आपल्याला काय म्हणाले?

"तांदूळ चांगला होता म्हनले."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला, दादाला, दोघांनाही. दादाचा राग अजून गेलेला नाही, पण त्याच्याशी भांडायला आता तोंड कुठून आणू...

गाडी अजून शोधतोय. आता प्रत्येक गाडीचा बेल्ट टोकापर्यंत ओढून बघतो. आप्पांना विचारलं, येताय का बघायला? म्हणाले, "तू एकलाच जा. माज्या शब्दाचा काय उपेग नाय आता."