कचऱ्यासाठी बांधलेली ढोली

आता चहा होईस्तोवर माझ्या हुशारीची गोष्ट ऐकाच. एरवी मी गप्प बसणारी. आणि माझी फजितीही त्या गप्प बसण्यानेच केली!

लग्न होऊन मी चांद्याहून धानोऱ्याकडच्या खेड्यात आले, तेव्हा अंगणातला कचरा एका जुन्या तेलाच्या डब्यात जमा व्हायचा. डबा कसला, मोकाट वळू! वारा सुटला की गडगडत शेजारच्या अंगणात. उन्हात हात लावला की चटका. पावसात त्याचं डबकं. आणि ओढून परत आणणार कोण? नवी सून!

मी ठरवलं, असं काहीतरी करायचं की वादळानेही हात जोडून बाजूने जावं. बुरडाकडून बांबूचा उंच, पिंपासारखा गोल तट्टा विणवून आणला, चार दगडांवर उभा केला, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपला. वर गवताची जाड टोपी, करकचून बांधलेली. कचरा काढायला खाली छोटं तोंड, त्याला लाकडी बूच. पहिल्या सकाळी चुलीची राख आणि अंगणातला कडुनिंबाचा पाला आत टाकला, आणि ऐटीत पाण्याला गेले.

परतले तर सासूबाई शेजारच्या वच्छीबाईंना सांगत होत्या, "पाय व, माह्या सुनेनं धानाची ढोली बांधली!" ढोली म्हणजे धान साठवायची कणगी.

"पण बाहेर काऊन?"

"घरातल्या ढोलीत उंदरं नाई का? अन् आत राख हाये, कडुनिंब हाये. किडा शिरंन का आता? धान काढायले खालून तोंडबी ठेवलं पोरीनं!"

मी तोंड उघडणार, तोच पाहते तर काय? बियाण्याचं सगळं धान त्यांनी आत ओतलेलं!

आता तुम्हीच सांगा, नव्या सुनेने शेजारणीसमोर 'आत्याबाई, ती कचऱ्याची आहे हो' असं म्हणायचं? मी नुसता पदर सारखा केला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"कचऱ्यात बियाणं?" ते उडालेच. मग हळूच म्हणाले, "चूप राय आता. माय गावभर सांगून आली."

बियाणं भिजलं तर पेरायचं काय? आणि वर्षभर खायचं काय? ढग दिसला की धावत जाऊन बुचाभोवती माती थापायची. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "किती जीव लावते!"

आणि एका दुपारी वादळ आलंच. छपरांवरची कवेलू पाखरांसारखी उडाली! चूल तरंगायचीच काय ती बाकी राहिली. वच्छीबाईंचं घरातलं धान चिंब. पाऊस थांबताच सासूबाई ढोलीकडे धावल्या, मागोमाग देवाचा धावा करत मी. त्यांनी बूच ओढलं.

खळ्ळकन धान ओंजळीत. कोरडं, खडखडीत!

"वच्छे, रडू नको!" सासूबाई गरजल्या. "माह्या सुनेच्या ढोलीत तुह्यापुरतंबी बियाणं हाये!"

दुसऱ्या दिवशी ढोली पाहायला बायांची रांग. पाटलीणबाईसुद्धा आल्या! सासूबाईंनी मला मधोमध पाटावर बसवलं.

"लाजून काऊन राह्यली? सांग सगळ्यायले, आता काय बांधतेस?"

सगळं धैर्य गोळा करून मी सासरी पहिलं लांब वाक्य बोलले, "आत्याबाई, अशीच एक कचऱ्यासाठी बांधू का?"

सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि वच्छीबाईंच्या कानाशी लागल्या, "पोरगी लय हुशार हाये व... पण ऊन लागलं वाटते!"