मनगटावरची सपाट काच

माझ्या भाऊजींनी उभं आयुष्य काच कापण्यात घालवलं, पण हाताला घड्याळ कधी बांधलं नाही. "काच सांभाळू की घड्याळ?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा, सगळा सपाट मालाचा धंदा. फुगीर काचेवर तर त्यांचा रागच. तिच्यातून भला माणूसही गाल सुजल्यासारखा दिसतो, म्हणायचे. स्वभावानेही ते तसेच, आरपार. पोटात एक आणि ओठांवर दुसरं हे त्यांना कधी जमलं नाही.

यंदा मात्र त्यांनी ते जमवलं. दुकान भागीदाराच्या हवाली केलं आणि ताईला सांगितलं, कंटाळा आला. खरं कारण मला ठाऊक होतं. माझ्यासमोरच एक आरसा कापताना पट्टी धरलेला त्यांचा डावा हात थरथरला, पट्टी सरकली आणि रेघ भरकटली. एवढा मोठा आरसा वाया गेला. भाऊजींनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"तुझ्या ताईला कळता कामा नये. हाय खाईल ती," ते म्हणाले.

तेव्हापासून डावा हात सतत खिशात. मला ही लपवाछपवी मुळीच पटत नव्हती, पण शब्द दिला होता, म्हणून तोंड मिटून बसलो.

आणि घड्याळाचं खूळ काढलं ते ताईने. एका नामांकित कंपनीने मोजकेच नग काढले होते, प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक कोरलेला. काच गिऱ्हाइकाने निवडायची, सपाट किंवा घुमटाची, म्हणजे मध्ये फुगीर. "जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्यांना काचा बसवल्यात, आता एक आपल्या मनगटावर बसू द्या," ताई म्हणाली. भाऊजींना नाही म्हणता येईना.

आम्ही तिघं घड्याळाच्या दुकानात गेलो, तेव्हा विक्रेतीने दोन्ही घड्याळं मखमलीवर मांडली.

"सपाटच ना?" ताईने विचारलं.

"घुमटाची घेऊ," भाऊजी म्हणाले. मी थक्क झालो.

दोघांत जुंपली. बाजूने पाहिलं की घुमटातून आकडे वाकडे दिसतात, दाराला हात आपटला की आधी घुमटच मार खातो, असं ताई म्हणत होती. "आणि हे सगळं तुम्हीच शिकवलंत मला!" भाऊजी जुन्या घड्याळांची शान, काट्यांवर पडणारा मऊ उजेड, असं काहीबाही सांगत होते. नवी सून पाहुण्यांशी बोलते तसे अडखळत.

"सपाट एकदा हातावर घालून तर बघा," विक्रेती म्हणाली. भाऊजींना डावा हात खिशातून काढावाच लागला, आणि तिनेच ते त्यांच्या मनगटावर बांधलं.

खिडकीतून ऊन येत होतं. समोरच्या भिंतीवर नाण्याएवढा लखलखीत ठिपका उमटला आणि थरथरू लागला. हात जेमतेम हलत होता, पण ठिपका भिंतीवर वीतभर नाचत होता. आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. सपाट काच ऊन जसंच्या तसं भिंतीवर फेकते, घुमट ते पसरून टाकतो. भाऊजी हे सगळं घरूनच ताडून आले होते.

ते हात खिशात घालायला गेले. ताई भिंतीकडेच बघत होती.

"कधीपासून मी तुमचा चहाचा कप अर्धाच भरते," ती हळूच म्हणाली. "ते काय उगाच, असं वाटलं तुम्हाला?"

भाऊजींनी डोळे पुसले, तेही डाव्याच हाताने.

"घाबरशील म्हणून नाही सांगितलं," ते म्हणाले.

"घाबरलेच आहे. पण एकटीने घाबरायचा कंटाळा आला होता."

भाऊजींनी हात पुन्हा काउंटरवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. ठिपका परत भिंतीवर आला. ताईने त्यांचं मनगट धरून तो थांबवला नाही.

"सपाटच द्या," त्यांनी विक्रेतीला सांगितलं.

हल्ली ताई कप पूर्ण भरते. थोडं सांडतं, आणि सांडलेलं भाऊजी स्वतःच पुसतात.