बाबांचा हात आणि पडद्यावरची फुली

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी नोकरीला होते. मालक पन्नाशीचे, आधी रेडिओ दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर आल्यावर तेही शिकले. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायचे. दुकानामागच्या खोलीत त्यांनी गेम खेळायला चार कॉम्प्युटर मांडले होते. गाड्यांच्या शर्यतीच्या खेळासाठी एखादं चांगलं स्टेअरिंग घ्यावं असं त्यांच्या मनात होतं, म्हणून नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं आठ दिवस वापरून बघायला एक पाठवलं.

खोक्यातून ते निघालं तेव्हा आम्ही दोघंही बघत राहिलो. ते गोल नव्हतंच. वरची-खालची बाजू कापल्यासारखी सपाट, दोन्हीकडे मुठीत बसणाऱ्या चामड्याच्या पकडी, मधे रंगीत बटणं, आणि मागच्या अंगाला बोटांनी ओढायच्या दोन पट्ट्या. गिअर त्या पट्ट्यांनी बदलायचे. फॉर्म्युला शर्यतीच्या गाडीला असतं तसं. आत मोटर होती. खेळातली गाडी खडीवर गेली की तळव्यांना खडी जाणवायची, वळणावर स्टेअरिंग जड व्हायचं.

"आपल्याले काय समजते यातलं?" चाचा म्हणाले. "तुये बाबा इतके वर्सं स्टेरिंग धरून राह्यले. त्याहिले घेऊन ये. थे सांगतीन खरं का खोटं."

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. चंद्रपूर-सिरोंचा ही त्यांची गाडी. आष्टीचा पूल, आलापल्लीचं जंगल, मग पार गोदावरीच्या काठापर्यंत. एक दिवस जायचं, मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परतायचं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. घरात ते फार बोलत नसत, पण गाडीबद्दल विचारलं की बोलत.

सुटीच्या दिवशी दुपारी ते दुकानात आले. टेबलाला घट्ट आवळलेलं ते स्टेअरिंग त्यांनी आधी सगळीकडून बघून घेतलं.

"हे त पाट होय. याले धरू कुठून?"

मी दाखवलं. ते खुर्चीत बसले, खुर्ची पुढे ओढली, आरसा नसताना आरसा बघितल्यासारखं वर बघितलं. चाचा हसले. मग बाबांनी डोळे मिटून स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि सोडून दिलं. ते आपोआप मधे आलं. उजवीकडे फिरवून सोडलं. परत मधे.

"परत येते. चांगलं आहे," ते म्हणाले. "आन् प्ले नाई. आमच्या गाडीत मुठभर प्ले राह्यते. हे फिरवलं का फिरलं."

मी वहीत लिहून घेत होते. पकड चांगली. मोकळी चाल नाही. परत येणं बरोबर. खेळ लावून दिला तर त्यांनी दोन वळणं जपून घेतली, तिसऱ्याला पट्टी ओढायची विसरून डावा हात गिअरच्या दांड्यासाठी खाली नेला आणि गाडी भिंतीवर गेली. ते इतके मोकळे हसले, की तसं हसताना मी त्यांना फार दिवसांनी पाहिलं.

मग मी कॉम्प्युटरवर तपासणीची खिडकी उघडली. पडद्यावर एक चौकोन येतो, त्यात अधिकच्या चिन्हासारखी एक फुली असते. स्टेअरिंग फिरेल तशी ती डावी-उजवीकडे सरकते. सरळ धरलं की मधे स्थिर उभी राहायला हवी.

"बाबा, नुसते हात ठेवा. फिरवू नका."

त्यांनी हात ठेवले. फुली थरथरत होती. थोडीशीच, पण थांबत नव्हती. त्यांनी फिरवलं तेव्हा ती सरळ गेली, आणि मधे आल्यावर पुन्हा थरथरू लागली.

"यात खोट आहे," मी चाचांना सांगितलं. वहीत लिहिलं : मधोमध थरथर. व्यापाऱ्याला कळवायचं ठरलं. बाबा चहा पिऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी फोन करण्याआधी चाचांनी स्वतः बसून पाहिलं. फुली खिळा ठोकल्यासारखी उभी होती. मी बसले. हलली नाही. वायर बदलून पाहिली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. कुठेच थरथर नव्हती. चाचा वायर गुंडाळत राहिले, माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला वाटतं, त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "लिहून टाक, काई खोट नाई," एवढंच ते म्हणाले.

मी लिहिलं नाही. बाबांच्या पुढच्या सुटीला त्यांना पुन्हा घेऊन गेले. मनाशी म्हणत होते, त्या दिवशी विजेचं काहीतरी झालं असेल. बाबा बसले, हात ठेवले. फुली थरथरली.

त्यांनी उजवा हात काढला. फुली तशीच. मग डावा काढून उजवा ठेवला. फुली स्थिर झाली. पुन्हा डावा ठेवला. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले आणि मग दोन्ही हात मांडीवर घेतले.

"मशीन बरोबर आहे, माय," ते मला म्हणाले. "माहा हात होय."

घरी चालत येताना मी विचारलं, "केव्हापासून?"

"दिवाळीपासून आंगठा हालते. मी म्हनलं, गाडीचा हादरा बसला आंगात. गाडीत त समदंच हालते, त्याच्यात माहा हात कोनाले दिसन?"

"उद्या जाऊ नका."

"उद्याची ड्युटी लागली आहे. जाऊन येतो, मंग पाहू. आईले सांगू नको."

तेव्हा त्यांना अडवायला हवं होतं. रस्त्यात हात धरून उभं करायला हवं होतं. पण बापाला, तुम्ही यापुढे गाडी चालवू नका, असं सांगायचं मला जमलं नाही.

सकाळी मी स्टँडवर गेले आणि तिकीट काढून त्यांच्या गाडीत बसले, अगदी पुढच्या बाकावर. त्यांनी मला पाहिलं. कंडक्टरनं घंटी मारली.

सबंध रस्ताभर मी त्यांचा डावा हात बघत होते. गाडीत बाजाराची माणसं होती, भाताच्या रोपांच्या गोष्टी चालल्या होत्या, मुलचेऱ्याकडच्या दोन बंगाली बाया आष्टीला चढल्या आणि त्यांची कोंबड्यांची टोपली माझ्या पायाशी आली. कुणालाच काही माहीत नव्हतं. आलापल्लीच्या पुढे सागवानाच्या दाटीत रस्ता अरुंद होतो, समोरून लाकडाचा ट्रक आला की एका चाकानं खाली उतरावं लागतं. तसा एक आला. बाबांनी गाडी इतक्या हळुवारपणे खाली उतरवली, पुन्हा वर घेतली, की झोपलेलं माणूस जागं झालं नाही. त्या घडीला त्यांचा हात जराही हलला नाही. मग रस्ता सरळ झाला आणि अंगठा पुन्हा सुरू झाला. माझी नजर वळलेली त्यांना आरशात दिसली असावी. त्यांनी मूठ आवळली. बोटांची पेरं पांढरी झाली.

सिरोंच्याला सगळे उतरल्यावर आम्ही स्टँडसमोरच्या टपरीवर बसलो. चहावाला तेलुगू बोलणारा, बाबांचा जुना ओळखीचा. "बागुन्नारा?" त्यानं विचारलं. बरे आहात ना?

"बागुन्नानु," बाबा म्हणाले. बरा आहे. आणि डावा हात मांडीखाली ठेवून कप उजव्या हातानं उचलला.

चहावाला आत गेल्यावर ते म्हणाले, "तू काऊन आली?"

"राहवलं नाही."

"माह्यासाठी आली का लोकायसाठी?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दोन्हीसाठी."

त्यांनी मान हलवली. नदीकडून वारा येत होता. ते म्हणाले, "मीबी रस्ताभर थेच मोजत व्हतो, माय. गाडीत लेकरं किती हायत थे. आजवर कधी मोजले नाई." मग खिशातलं पेन माझ्या हातात दिलं. "लिही. माह्याच्यानं हे लिहनं नाई होत."

टपरीतल्या बाकावर, माझ्याच वहीचं पान फाडून मी तो अर्ज लिहिला. माझ्या डाव्या हाताला कंप सुटला आहे, तरी मला गाडी देण्यात येऊ नये. आधी मी दुसरं काहीतरी गोल गोल लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. खाली त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीवर त्यांनी डेपोतून दुसरा ड्रायव्हर मागून घेतला आणि आम्ही दोघं प्रवासी म्हणून घरी आलो. सबंध वाटेत त्यांचा उजवा पाय जागच्या जागी ब्रेक दाबत होता.

नागपूरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. बरा होत नाही, गोळ्यांनी थोडा रोखता येतो, म्हणाले. डेपोनं त्यांना पार्सलच्या खोलीत बसवलं. तिथं ते वर्षभर गेले, मग तेही झालं नाही. बाजारात जायचा जवळचा रस्ता स्टँडवरून होता; बाबा वळसा घालून जाऊ लागले.

स्टेअरिंग चाचांनी घेतलं नाही. मशीन उत्तम आहे असा माझा अभिप्राय त्यांनी वाचला, घडी केली आणि खोकं नागपूरला परत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्या गिऱ्हाइकाले नाई परवडत." ते कारण खरं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटच्या दिवसांत बाबांना घास तोंडापर्यंत नेता येत नसे. आई भरवायची. एकदा भरवता भरवता तिचा बांध फुटला. "तू त्याहिले त्या दुकानात नेलंच नसतं त आनखी दोन-तीन वर्सं निंगले असते. सुखात निंगले असते."

मी भिंतीशी उभी होते. खरं होतं ते. निघालेही असते कदाचित. काही झालंही नसतं.

बाबांचं बोलणं तोवर पुसट झालं होतं. आईनं पुढे केलेला घास त्यांनी मानेनं थांबवला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "पोरीले... बोलू नको."

आई मला पुन्हा त्यावरून बोलली नाही. त्यानंतर कधीच नाही, ते गेल्यावरही नाही. पण मी माहेरी गेले की ती माझ्या ताटात वाढते, आणि वाढताना माझ्याकडे बघत नाही.