वज्रेश्वरीच्या पायरीवर शिकलेली गाठ

उजव्या हाताचा अंगठा मागाच्या पट्ट्यात सापडून तुटला, तेव्हा माझं देवावरून मन उडालं होतं. चूक माझीच होती, घाई केली. पण घरात कमावणारी मी एकटी, पदरात दोन मुली; निदान एवढं तरी त्याने पाहायला हवं होतं, असं वाटे. पंचाहत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. भिवंडीच्या कारखान्यात मी कांड्या भरायचे, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचे. चरख्यासारखा तो रहाट फिरवायला उरलेली बोटं पुरत होती. सूत तुटलं की मात्र गाठ जमेना. चिमटीशिवाय धागा धरवत नाही. आमचा मुकादम, त्याला सगळे चाचा म्हणत, माणूस भला होता, पण सरळ म्हणाला, "भाभी, सोमवारपर्यंत बघतो. गाठ नहीं जमी, तो दुसरी बाई लावावी लागेल."

रविवारी एसटीने वज्रेश्वरीला गेले. श्रद्धेने नव्हे, बाकी सगळं करून झालं होतं म्हणून. देवीला स्वच्छ सांगितलं, मला हात पूर्वीसारखा दे, दुसरं काही नको. अर्थात काही झालं नाही. बाहेर येऊन पायरीवर बसले. शेजारी एक म्हातारी झेंडूचे हार करत होती. तिचा एक हात लुळा, मांडीवर नुसता पडलेला. दोऱ्याचं टोक पायाच्या बोटांत घट्ट धरलेलं आणि दुसऱ्या हाताने ती भराभर गाठी मारत होती. मला ते खटकलं. आम्ही रहाटाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो.

"आजी, देवीचा हार आणि पायाने?" मी म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "ह्यो पाय काय दुसऱ्या कुनी दिला हाय? तिनंच ना? मंग तिला कसला इटाळ?" मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "तुला दोन पाय हायेत, नि बसलीस रडत. धर दोरा."

दुपारभर तिने मला बसवून घेतलं. गाठ सुटली की खेकसायची, "व्हय गं, घाई कसली? बस जायची न्हाय." चौथी की पाचवी बस सोडून मी निघाले, तेव्हा दहातल्या सात-आठ गाठी टिकत होत्या.

सोमवारी रहाटाच्या पाया पडले, माफी मागितली आणि पाय पसरून बसले. सूत तुटलं. टोक पायाच्या बोटांत धरलं, डाव्या हाताने गाठ मारली, ओढून पाहिली. मुकादमचाचा मागे येऊन उभा होता. "वा भाभी! अब पाँव की भी ड्युटी लगा दी?"

"हात सुट्टीवर आहे, चाचा," मी म्हटलं. तो हसत पुढच्या रहाटाकडे गेला. दुसरी बाई लावली नाही.

यात चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही. इतकं कळलं, की देवीकडे मागताना मी तिला वाटही आखून देत होते, आणि त्या वाटेने काही येईना म्हणून रुसले होते. आता मागणं सोडलेलं नाही. गरज असली की मागते. कसं द्यायचं, ते तिच्यावर सोपवते आणि कामाला लागते. दर्शनाला जाते तेव्हा हात जरा वाकडे जुळतात. तिचं काही अडत नाही, आणि आता माझंही.