वाळतं धुणं आणि मागची टाकी

आयुष्यात मी मनापासून एकाच माणसावर जळलो, आणि ती माझी बायको होती. साहेबावर जळणं सोपं असतं. शेजाऱ्यावर तर बसल्या जागी जळता येतं. पण जी आपल्याला तव्यावरची पोळी वाढते तिच्यावर जळायचं म्हणजे मोठी पंचाईत. घास तिच्याच हातचा, आणि तोच घशाखाली उतरत नाही.

मी जबलपूरला लष्करी तोफगाड्यांच्या फॅक्टरीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर चाकं, आस, बोल्ट शाईने काढायचे. माझी रेघ इतकी सरळ की नव्या मुलांना साहेब माझाच कागद दाखवत. या फुशारकीतच मी ठरवलं की आपण आता चित्रकार व्हायचं. दीक्षितपुऱ्यात एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहत. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर आम्ही चार-पाच हौशी जमत असू. त्यांचा नियम एकच होता. देव नको, पुढारी नको, आणि भेडाघाट तर मुळीच नको. तिथले संगमरवरी कडे सगळं गाव काढतं, म्हणायचे. तुमच्या घरात काय आहे ते काढा.

पहिल्या रविवारी लोटा ठेवला. मी आधी मधली रेघ मारली, मग दोन्ही बाजू मोजून सारख्या केल्या. काठाचा मागचा भाग दिसत नव्हता, तो ऑफिसच्या सवयीने तुटक रेघेने दाखवला. उंचीचा बाणसुद्धा दिला. मास्तरांनी सगळ्यांना बोलावून तो कागद दाखवला.

"यावरून लोटा बनवता येईल," ते म्हणाले. "पाणी पिता येणार नाही."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते मला असं झोंबलं की विचारू नका. मास्तर सहसा कुणाला वाहवा देत नसत. फार झालं तर मान हलवायचे. मी मनाशी गाठ बांधली की यांच्या तोंडून एकदा तरी 'वा' काढायचंच. वर्ष गेलं. फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला तरी रविवारची सकाळ मी सोडली नाही. तुटक रेघा गेल्या, बाण गेले, पण 'वा' काही येईना.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बायकोने बाजारातून शिंगाडे आणले. मी त्यातले पाच ताटात मांडले आणि पेन्सिल डोळ्यासमोर धरून मापं घेत बसलो. ती शेजारी तांदूळ निवडत होती. पाहू बरं मलाही, म्हणत तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, शेगडीजवळचा कोळशाचा तुकडा उचलला आणि चहाला उकळी येईपर्यंत चित्र पुरं करून पुन्हा तांदळाला लागली.

मी पाहिलं. तिचे शिंगाडे ओले होते. कोळशाने ओलं कसं काढतात, मला आजही ठाऊक नाही. काटे तर असे की हात लावला तर टोचतील.

"हे कुठे शिकली?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? दिसून राहिलं तसं काढलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मी कागद फाडत होतो, ओमती भागातल्या दुकानातून महागाचा ब्रश आणला होता, आणि हिला नुसतं दिसत होतं. बरं, तिने एवढ्यावर थांबावं की नाही? तिला नादच लागला. दूध तापवायचं पातेलं, डबा अडकवलेली माझी सायकल, उन्हात पाय पसरून बसलेली मांजर. एकदा तिने अंगणातलं वाळतं धुणं काढलं. दोरीवर माझी खाकी पँट उलटी लटकलेली, मागे फॅक्टरीची पाण्याची टाकी. त्या नुसत्या पँटीवरून मी ओळखू येत होतो. कौतुक करायचं सोडून मी भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. नव्हतं.

एका रविवारी घाईत मी माझे कागद गुंडाळून मास्तरांकडे गेलो. तिथे सुरळी उघडली तर आत तिचं धुणं. मास्तरांनी माझे कागद भरभर उलटले आणि त्या कॅलेंडरच्या पानापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वा," ते म्हणाले.

ज्या शब्दासाठी मी वर्ष घालवलं तो असा माझ्यासमोर दुसऱ्याच्या पदरात पडला. कुणी काढलं, त्यांनी विचारलं. माझं आहे म्हणायची सोय नव्हती, माझा हात ओसरीवर सगळ्यांना माहीत होता. घरच्यांनी, मी म्हणालो. पुढल्या रविवारी त्यांना घेऊन या, मास्तर म्हणाले, तुम्ही नाही आलात तरी चालेल. ते गमतीने म्हणाले असतील. मी गमतीने घेतलं नाही.

घरी मी यातलं अवाक्षर काढलं नाही. पुढच्या दोन रविवारी मास्तरांनी विचारलं. एकदा मी तिला ताप आणला, एकदा घरी पाहुणे आणले. जेवण माझं निम्म्यावर आलं होतं.

तेवढ्यात एकाहत्तरची लढाई पेटली. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, आणि गेटवर नोटीस लागली की फॅक्टरीचे फोटो काढू नयेत, आतलं बाहेर बोलू नये. ती वाचताच माझ्या डोक्यात जे आलं ते लिहितानाही मला माझी शिसारी येते. मी घरी गेलो आणि तिला ते धुण्याचं चित्र माझ्यासमोर आणायला लावलं.

"यात टाकी दिसते," मी म्हणालो. "कुणी पाहिलं तर माझी नोकरी जाईल. ही सगळीच चित्रं नकोत."

ती टाकी अर्ध्या शहरातून दिसायची. तिने विचारलं, शिंगाड्यांत पण टाकी आहे का? मी म्हणालो, दिवस वाईट आहेत, काहीच ठेवायचं नाही आणि पुढे काढायचंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या चित्रांवर शेगडी पेटवली. मांजर गेली, सायकल गेली, धुणं गेलं. मी समोर चहा पीत बसलो होतो. त्या दिवशी मी चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

लढाई दोन आठवड्यांत संपली. संक्रांतीला मास्तर तिळगूळ घेऊन आमच्या क्वार्टरवर आले ते मुद्दाम तिला भेटायला. मी किती वेळा निरोप दिला वहिनी, ते म्हणाले, तुम्ही आलाच नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वेळच होत नाही म्हणाली, आणि त्यांना चहा दिला.

ते गेल्यावर मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, निरोपाचं आणि नोटिशीचंही. तशी काही मनाई नव्हती, म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्याच दिवशी शेजारच्या वहिनींना विचारलं होतं. त्यांचे हे गेटवरच असतात ना."

"मग जाळली काहून?"

"तुम्ही जेवत नव्हते," ती म्हणाली. "मला तर नुसता चाळा होता. तुमचा तर जीव चालला होता."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी जाड, पांढरे, चांगले दहा कागद आणले. तिने ते उलटसुलट करून पाहिले, छान आहेत म्हणाली. संध्याकाळी घरी आलो तर ते मापात कापून स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेले होते आणि वर डबे ओळीने मांडले होते. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली.