न फिरलेली रीळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, फोटोंचा नाद सुटला म्हणून तो छोटा जपानी कॅमेरा कपाटाच्या वरच्या फळीवर पडलाय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि गेल्या महिन्यात जे ऐकलं, त्यानंतर ते पोटात ठेवणं जमत नाही.

कॅमेरा यूसुफचा. पनवेलला त्यांच्या मोहल्ल्याला लागूनच आमची गल्ली. शाळेत आम्ही एका बाकावर. तो मस्कतला गेला, मी तळोज्याच्या एका कारखान्यात ऑफिसात लागलो. सत्त्याऐंशी साली सुट्टीवर येताना त्याने कॅमेरा आणला — तळहातावर मावेल एवढा, फ्लॅश आतच बसवलेला. बटण सरकवलं की बारीक शीळ घालत फ्लॅश भरायचा आणि नारिंगी दिवा लागायचा. भिंगाभोवतीच्या कड्यावर चित्रं: जवळच्यासाठी एक डोकं, घोळक्यासाठी तीन माणसं, लांबच्यासाठी डोंगर. सोबतचं इंग्रजी माहितीपत्रक मी वाचलं, म्हणून जाणकार मी ठरलो.

आणि हा जाणकार एक हुशारी करायचा. तेव्हा बरेच जण करायचे — छत्तीसच्या रिळात अडतीस फोटो बसवायचे. त्यासाठी रिळाची जीभ, म्हणजे बाहेर आलेलं टोक, आतल्या चाकात जेमतेम अडकवायची आणि पाठ लगेच बंद करायची. सुरुवातीचे खटके वाया घालवायचे नाहीत.

यूसुफचे अब्बा जन्मात फोटोला बसले नव्हते. आपल्या धर्मात बसत नाही, म्हणायचे. यूसुफ आठवडाभर मागे लागला, अक्षरशः पाया पडला. शेवटी तो परत जाणार त्याच्या आदल्या दुपारी अब्बा ओट्यावर खुर्ची टाकून बसले. मांडीवर नाजो — यूसुफची सहा वर्षांची पोर.

"एकदाच हां सुधीर," मला म्हणाले. "परत परत नाय बसणार मी."

आता हे नीट ऐका. कॅमेऱ्याच्या डाव्या खांद्यावर, रीळ उलटी गुंडाळायची एक छोटी चकती असते. उजवीकडची कळ ओढली की रीळ पुढे सरकते आणि तिच्यासोबत ती चकतीही फिरते. फोटोंचा आकडा मात्र कसाही पुढे जातो — आत काही सरको न सरको.

तिसऱ्या की चौथ्या फोटोला माझी नजर चकतीवर गेली. ती हलत नव्हती.

"थांबा" म्हणायला काय लागत होतं? पाठ उघडायची, जीभ नीट अडकवायची, बास. पण यूसुफ शेजारी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "आपला सुधीर म्हणजे काय! स्टुडिओवाला पाणी भरेल याच्याकडे." आणि मी — मी कळ ओढली. फ्लॅश भरू दिला. "अब्बा, जरा इकडे. थोडं हसा."

अब्बा हसले. खरंच हसले हो — बोळक्या तोंडाचं, लाजलेलं हसू. त्या हसण्यावर मी फ्लॅश मारला, आत काहीही उमटणार नाही हे माहीत असताना. वर म्हणालो, "अजून एक." कोणी भाग पाडलं होतं मला, अजून एक म्हणायला?

यूसुफ गेला. कॅमेरा माझ्याकडेच ठेवून गेला — तुला जमतं, म्हणाला. नाजो रोज यायची, कॅमेरा डोळ्याला लावून आमच्या मांजरीकडे बघायची, दिसेल ते बटण दाबायची. मीच द्यायचो तिला. मग एका सकाळी तिला न्यायला तिची आई, जुबेदाभाभी आली. "सुधीरभाई, फोटो आले का?"

काही ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, "नाजोने पाठ उघडली, भाभी. उजेड लागला. सगळी रीळ गेली."

इतकं सरळ आलं ते! अडखळलोसुद्धा नाही. माझा आवाज ऐकून मीच दचकलो.

भाभीने माझ्यासमोर पोरीच्या थोबाडीत मारली. नाजो "मी नाही" म्हणाली नाही. कशी म्हणणार? सगळी बटणं तिने दाबली होतीच. तिला खरंच वाटलं, आपणच केलं. तिच्या चेहऱ्यावर ते मला स्वच्छ दिसलं — आणि मी भाभीला चहा घेणार का विचारलं.

अब्बा परत बसले नाहीत. "पोरीला मारू नका," एवढंच म्हणाले. "अल्लाला मंजूर नव्हतं." वर्ष सरायच्या आत ते गेले. यूसुफला मातीलाही पोचता आलं नाही. फोनवर मला म्हणाला, "एक तरी वाचला असेल ना रे? बघ ना." बघतो, म्हणालो.

आणि ती रीळ? ती तर कोरीच होती. तिच्यावर मी केव्हाच कंपनीच्या सहलीचे फोटो काढले होते. अडतीस आले.

गेल्या महिन्यात नाजोची मेहंदी होती. तिला कुवेतला दिलीय. मी खुर्च्या पोचवायला गेलो होतो, दारातच उभा होतो. फोटो कोण काढणार म्हणून आत गलका चाललेला. नाजोने कॅमेऱ्याकडे नुसतं पाहिलं तर तिची फुफी, यूसुफची बहीण, ओरडली, "हिच्यापासून लांब ठेवा गं! अब्बांना गिळलं हिने, आता दुल्ह्यालाही गिळेल!"

सगळ्या हसल्या. नाजोही हसली — सवयीने. सवयीने! बारा वर्षं हा विनोद त्या घरात चालू होता, आणि दोन घरं सोडून मी आरामात जेवत होतो.

मी निघालो तशी ती मागून ओट्यापर्यंत आली. दोन्ही हात मेहंदीने ओले, हवेत धरलेले.

"चाचा, जायच्या आधी बोलायचंच होतं. ते रिळाचं... तुम्ही एवढ्या हौसेने काढलेले फोटो. मला माफ केलंत ना?"

ओटा तोच. अब्बांची खुर्ची होती तिथेच ती उभी होती. आता तरी? एक वाक्य तर होतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "केव्हाच केलं गं," म्हणालो. "लहान होतीस तू."

तिने मेहंदी सांभाळत कोपराने डोळे पुसले, आणि मला थँक्यू म्हणाली.